कल्पित नगराची सजीवता

१

कथात्मक वाङ्मयात स्थळाला पार्श्वभूमीचे स्थान द्यावे की पात्राचे, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत तो वारंवार उपस्थित झाला आहे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) त्याला एक भरीव उत्तरही दिले आहे. तथापि गेल्या पाच दशकांत कथनाचा एक असा प्रकार उदयास आला की, ज्यात हाच प्रश्न अगदी वेगळ्या स्वरूपात पुढे येतो. हा प्रकार म्हणजे संगणकावर खेळला जाणारा अद्भुतरम्य भूमिकाधारी खेळ, ज्याला व्यवहारात ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. त्यात खेळाडू एखाद्या वीराची, मांत्रिकाची किंवा भटक्या शिकाऱ्याची भूमिका घेतो, कल्पित प्रदेशात हिंडतो, राक्षसांशी झुंजतो आणि मधूनमधून नगरात विसावतो.

या विसाव्याच्या नगराकडून खेळाला तीन कामे हवी असतात. तेथे शस्त्रे विकत मिळावीत, रात्रीची झोप मिळावी आणि पुढील मोहिमेची वार्ता मिळावी. म्हणजेच दुकान, धर्मशाळा आणि चावडी एवढे असले की खेळाचे भागते. पुष्कळ खेळांतील नगरे एवढ्यावरच थांबतात, आणि म्हणूनच ती मृत वाटतात. रस्त्यांवर माणसे चालत असतात, कारंजी उडत असतात, दिवे लागत असतात; परंतु खेळाडूची पाठ फिरताच या सर्वांना अस्तित्व उरत नाही, अशी शंका मनात सतत डोकावते. नगर सजीव वाटते म्हणजे नेमके काय होते आणि ते कशाने होते, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

येथे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, ही सजीवता गर्दीने येत नाही, हालचालीने येत नाही आणि तपशिलांच्या आराशीनेही येत नाही. नगरातील माणसे परस्परांवर अवलंबून आहेत आणि ते अवलंबन खेळाडूसाठी उभे केलेले नाही, याचा प्रत्यय आला म्हणजे नगर सजीव होते. या कसोटीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील बाजारगावे पुढे ठेवली आहेत. कल्पिताची परीक्षा परिचिताच्या आधारे करणे अधिक सुरक्षित असते, आणि पांढरकवडा, वणी, पुसद, दारव्हा ही गावे येथील अभ्यासकांना परिचित आहेत.

२

प्रारंभीच्या खेळांची मर्यादा त्यांच्या साधनांची होती. १९८६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळात नगरातील प्रत्येक व्यक्तीला एखाददुसरे ठरीव वाक्य असे. शंभरदा विचारले तरी ती व्यक्ती तेच सांगे. यंत्राची स्मरणशक्ती तोकडी होती, हे त्याचे कारण. आणि त्या तोकडेपणातही रचनाकारांनी एकेका वाक्यात एकेक उपयुक्त बातमी बसविली, हे त्यांचे कौशल्य मान्य केले पाहिजे. परंतु त्या माणसांना स्वतःचा दिवस नव्हता. ती खेळाडूची वाट पाहत उभी असत.

हा दिवस त्यांना दिला तो रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेने. तिच्या पाचव्या भागात (१९८८) नगरजन सकाळी उठून कामावर जातात, भोजनास बसतात आणि रात्री निजतात. सातव्या भागात (१९९२) ही कल्पना आणखी पुढे गेली. पीठ घ्यावे, पाणी घालून मळावे, भट्टीत ठेवावे आणि त्याचा पाव व्हावा, इतका वस्तूंचा व्यवहार तेथे शक्य झाला. पुढे ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) प्रत्येक नागरिकाला दिनक्रमाबरोबर गरजाही देण्यात आल्या. भूक लागली की अन्न शोधावे, प्रसंगी ते चोरावे, इथपर्यंत त्याला मोकळीक होती.

ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु तिचे फळ अपेक्षेइतके का आले नाही, याचा विचार क्वचितच होतो. ‘ऑब्लिव्हियन’मधील दोन नागरिक रस्त्यात भेटतात, अभिवादन करतात, एखादी अफवा एकमेकांना सांगतात आणि निघून जातात. या संवादांचा विसंगतपणा पुढे खेळाडूंच्या थट्टेचा विषय झाला. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) गावोगावचे पहारेकरी आपणही एके काळी साहसी प्रवासी होतो आणि गुडघ्यात बाण लागल्यामुळे ते सुटले, असे सांगतात, आणि एका गावाचा पहारेकरी जे सांगतो तेच दहा गावांचे पहारेकरी सांगत असल्यामुळे त्या वाक्यातील करुणा नाहीशी होऊन तेही जगभर विनोदाचा विषय बनले. एका माणसाचे दुःख दहांच्या तोंडी घातले की ते कोणाचेच राहत नाही. नागरिकाला दिनक्रम मिळाला होता; संबंध मिळाले नव्हते. घड्याळातील काटेही वेळेवर फिरतात, परंतु त्यांना कोणी सजीव म्हणत नाही.

‘अल्टिमा’च्या सातव्या भागातील पावाचेच उदाहरण घ्यावे. तेथे पाव तयार होतो, ही गोष्ट चमत्कृतिजनक आहे. परंतु नगरातील पाववाला नाहीसा झाला तर नगर उपाशी राहत नाही. पाव आहे, पण पावाची गरज कोणालाच नाही. येथे हालचाल आणि व्यवहार यांतील भेद स्पष्ट होतो.

३

वस्तीचे मर्म परस्परावलंबनात आहे, हे मराठी वाचकाला परदेशी खेळांकडून शिकण्याची आवश्यकता नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच सिद्धांत आहे. गाव हा गाडा आहे. त्याची चाके, धुरा आणि जू वेगवेगळ्या माणसांच्या रूपाने जोडलेली आहेत, आणि एक भाग मोडला की गाडा अडतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट हे बलुतेदार कुणब्याचे काम करतात आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घेतात. आत्रे यांनी या व्यवस्थेचे गोडवे गायिले नाहीत. गाड्याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो, कोण काम न करता हक्क सांगतो, याचा हिशेब त्यांनी कठोरपणे मांडला. हीच गोष्ट येथे महत्त्वाची आहे. परस्परावलंबन म्हणजे सलोखा नव्हे. त्यात कुरबूर, थकबाकी, मानापमान आणि अन्याय हे सर्व येते. आणि गावाचा सजीवपणा त्या कुरबुरीतूनच अधिक कळतो.

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचे बाजारगाव हे याचे आजच्या काळातले रूप होय. मृगाचा पाऊस पडला की पेरणी होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली बोंडे फुटतात. वेचणीच्या प्रारंभी शेतात सीतादहीचा नैवेद्य होतो. बाया किलोच्या भावाने कापूस वेचतात. तो कापूस गाडीत भरून बाजार समितीच्या आवारात येतो. तेथे अडत्या, मापारी, हमाल आणि व्यापारी यांचे हात त्याला लागतात. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. रुईच्या गाठी बांधून दूर जातात. सरकी तेलघाण्याकडे जाते. तेल काढून उरलेली ढेप परत खेड्यात येऊन जनावरांपुढे पडते. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी चुलीत जळते. एका बोंडाभोवती एवढे संसार उभे आहेत.

आता हा धागा तुटला तर काय होते ते पाहावे. २०१७ सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. असे पीक बुडते तेव्हा त्याचे परिणाम केवळ शेतात दिसत नाहीत. जिनिंग लवकर बंद होते, हमालाची मजुरी जाते, बाजार आवाराबाहेरचे चहाचे दुकान ओस पडते, कापडदुकानदाराची उधारी थकते आणि उन्हाळ्यातील लग्ने पुढे ढकलली जातात. गावात नव्याने आलेल्या माणसाला कोणी काही सांगितले नाही, तरी बंद पडलेल्या चहाच्या टपरीवरून त्याला काहीतरी घडल्याचे समजू शकते. नगररचना करणाऱ्या कलावंताने शोधावयाची ती हीच टपरी. एका ठिकाणचा आघात दुसऱ्या ठिकाणी, अनपेक्षित रूपात दिसणे, हे सजीवतेचे पहिले लक्षण मानावे लागेल.

या कसोटीला उतरणारा खेळ आहे, आणि तो साधनांनी श्रीमंत नाही. ‘गॉथिक’ (२००१) हा जर्मन खेळ एका बंदिस्त खाणप्रदेशात घडतो. जादूच्या भिंतीआड कैदी अडकले आहेत आणि त्यांच्या तीन छावण्या आहेत. जुनी छावणी खनिज काढते आणि ते बाहेरच्या राजाला देऊन त्याच्याकडून अन्नधान्य व इतर वस्तू मिळविते. नव्या छावणीची भातशेती आहे आणि खनिजाविषयीचा तिचा हेतू निराळा आहे. दलदलीतील तिसरी छावणी एक मादक वनस्पती पिकविते आणि ती इतरांना विकते. पुढे जुन्या छावणीची खाण पाण्याने भरते. तत्क्षणी छावणीचे दरवाजे बंद होतात, तिचे स्वामी नव्या छावणीच्या खाणीवर चालून जातात आणि कालपर्यंतचे सोबती शत्रू होतात. हे सारे कथानक एका आर्थिक कारणातून उगवते. खाण बुडाली म्हणून छावणी क्रूर झाली, हे खेळाडूला पटते. कारण छावणी कशावर जगते हे त्याने आधी पाहिलेले असते.

४

परस्परावलंबनाला काळ लागतो, आणि खेळांतील काळ बहुधा दिवसापुरताच असतो. सूर्य उगवतो, मावळतो, पुन्हा उगवतो. वस्तुतः गावाचा काळ अनेक पदरी असतो. दिवस हा त्यातील सर्वांत क्षुल्लक पदर. आठवडी बाजाराचा वार हा दुसरा. त्या दिवशी गावाची लोकसंख्याच नव्हे, तर स्वभाव बदलतो. वर्ष हा तिसरा. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला संपते व सुरू होते, शेतकऱ्याचे मृगाला, जिनिंगचे दिवाळीच्या आगेमागे. एकाच गावात तीन वर्षे तीन वेगवेगळ्या तिथींना सुरू होतात. वणीला याच्या जोडीला कोळसा खाणीच्या पाळ्यांचा काळ आहे. शेताचा काळ पावसाकडे पाहतो, खाणीचा काळ भोंग्याकडे, आणि एकाच घरातील दोन भाऊ कधीकधी या दोन भिन्न काळांत राहतात.

यांशिवाय संपून गेलेल्या काळाचाही एक पदर असतो. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळला येणारी अरुंद मापाची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात कापसाच्या वाहतुकीसाठी घातली गेली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे नाव दिले. तिची फेरी बंद पडली तरी ती गावाच्या बोलण्यातून गेली नाही. नाहीशा झालेल्या वस्तूचे नाव घेऊन लोक बोलतात, तेव्हा त्या गावाला भूतकाळ आहे असे वाटते. खेळांतील नगरांत जुने अवशेष पुष्कळ असतात, परंतु ते सहस्र वर्षांपूर्वीच्या साम्राज्याचे असतात. आजोबांच्या काळातील काही क्वचितच असते. पुराणकाळ रचणे सोपे आहे. कालचा दिवस रचणे अवघड.

काळाचा उपयोग सर्वांत बुद्धिपुरस्सर केला तो ‘मेजोराज मास्क’ (२०००) या जपानी खेळाने. हा काटेकोर अर्थाने भूमिकाधारी खेळ नव्हे, परंतु येथे त्याचा विचार टाळता येत नाही. त्यातील घड्याळनगरावर चंद्र कोसळण्यास तीन दिवस उरले आहेत आणि नगर वार्षिक उत्सवाची तयारी करीत आहे. उत्सव व्हावा की लोकांनी गाव सोडावे, यावर नगरप्रमुखापुढे वाद चालू आहे. सुतार मंडप उभारण्याचा हट्ट धरून बसले आहेत. खेळाडू काळ मागे फिरवून तेच तीन दिवस पुनःपुन्हा जगतो आणि प्रत्येक वेळी एका नव्या माणसाच्या मागे जातो. असे करताना त्याला कळते की, एका घरातील न पोचलेले पत्र दुसऱ्या घरातील अबोल्याचे कारण आहे. नगर लहान आहे, माणसे मोजकी आहेत. तरी त्याचा ठसा पुढील काळातील शेकडो नागरिकांच्या नगरांपेक्षा खोल उमटतो. याचे कारण, तेथे प्रत्येकाजवळ वेळ अपुरा आहे आणि तो कशावर खर्च करावा याविषयी प्रत्येकाचे मत वेगळे आहे.

५

नगराची दुसरी मोठी परीक्षा भाषेत होते. बहुतेक खेळांत नगरजन एकच भाषा, एकाच ढंगाने बोलतात आणि ती खेळाडूला पूर्णपणे कळते. यवतमाळ जिल्ह्याच्या एखाद्या बाजारात वऱ्हाडी ऐकू येते, तांड्यांवरून आलेल्या बंजारा स्त्रियांची गोरमाटी ऐकू येते, कोलामी आणि गोंडी ऐकू येते, उर्दूचा वापर असतो आणि पाटणबोरीसारख्या सीमेवरील गावात तेलुगूही कानी पडते. भाव ठरविताना माणूस एका बोलीत बोलतो, आपल्या माणसाशी कुजबुजताना दुसऱ्या. बाहेरून आलेल्यास त्यातील निम्मे कळत नाही. हे न कळणे हाच नगराच्या अस्तित्वाचा पुरावा असतो, कारण ते बोलणे त्याच्यासाठी नसते.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. त्यांत महादेव-पार्वती येतात, पिकाची स्थिती येते, सावकाराला आणि पुढाऱ्याला काढलेला चिमटा येतो. गावातील कोणत्या माणसावर रोख आहे हे गावकऱ्यांना तत्काळ कळते आणि ते हसतात. पाहुणा त्या हसण्याकडे पाहत राहतो. झडती हे गावाचे स्मरण आहे आणि गावाचे न्यायासनही. कल्पित नगरात असा एखादा प्रसंग असावा की, जेथे सर्व नगर हसते आणि खेळाडूला त्याचे कारण कळावयास दहा दिवस लागतात. कारण कळले त्या दिवशी तो परका राहिलेला नसतो.

‘गॉथिक’ने हेही काही अंशी ओळखले आहे. तेथे नवागताला कोणत्याही छावणीत आपोआप प्रवेश नाही. त्यासाठी त्याला छावणीतील वजनदार माणसांची शिफारस मिळवावी लागते. परक्याच्या झोपडीत शिरले तर घरधनी दटावतो, शस्त्र उपसले तर आसपासची माणसे सावध होतात. ओळख ही तेथे मिळवावी लागणारी गोष्ट आहे. याउलट ज्या खेळांत नुकताच वेशीत आलेला अनोळखी इसम कोणत्याही घरात शिरून मडकी उघडतो आणि घरची म्हातारी त्याला आपले हरवलेले दागिने शोधण्यास सांगते, तेथे घर हे घरच नसते.

६

येथपर्यंतचा विचार एका मूलभूत अडचणीशी येऊन थांबतो. खेळ हा खेळाडूसाठीच रचलेला असतो. मग नगर त्याच्यासाठी नाही, असा भास निर्माण करणे ही फसवणूक नव्हे काय? याचे उत्तर कादंबरीच्या अनुभवातून मिळते. ‘बनगरवाडी’ही वाचकासाठीच रचलेली आहे. तिचा निवेदक, तरुण मास्तर, धनगरांच्या वस्तीत परका म्हणून येतो. तो शाळा चालवितो, लोकांची कामे करतो, तालीम बांधण्यास पुढाकार घेतो आणि हळूहळू वस्तीचा होतो. खेळाच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो उत्तम नायक आहे. त्याने आपल्या मोहिमा पूर्ण केल्या आहेत. परंतु दुष्काळ पडतो, मेंढरे जगविणे अशक्य होते आणि वस्ती उठते. मास्तराच्या सद्गुणांचा त्यावर काही इलाज नाही. ज्या वस्तीला नायक वाचवू शकत नाही ती वस्ती नायकाहून मोठी ठरते, आणि तिची शून्यता वाचकाला स्वतःची हानी वाटते.

नगर मरू शकते हे ठाऊक असल्याविना त्याच्या जिवंतपणाला अर्थ येत नाही. ‘द विचर ३’ (२०१५) या पोलिश खेळातील एका प्रसंगात हे भान दिसते. टेकडीवरील वृक्षात अडकलेल्या एका आत्म्याला मुक्त करावे की नष्ट करावे, हा निर्णय खेळाडूवर येतो. मुक्त केले तर काही अनाथ मुले वाचतात, परंतु जवळचे खेडे उद्ध्वस्त होते. परत त्या खेड्यात गेले असता तेथील ओसाडी पाहावी लागते. निर्णयाच्या क्षणी हे परिणाम पूर्णपणे ठाऊक नसतात. तथापि येथेही खेड्याचा नाश होतो तो नायकाच्या हातून. पावसामुळे, बाजारभावामुळे किंवा दूरच्या राजधानीत झालेल्या एखाद्या ठरावामुळे नव्हे. नायकाच्या कर्तृत्वाबाहेरचे दैव या खेळांना अद्यापि फारसे पेलत नाही. मराठी ग्रामीण कादंबरी मात्र त्याच दैवावर उभी आहे.

७

महाराष्ट्रात तयार झालेल्या खेळांपैकी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) याचा येथे परामर्श घेणे प्राप्त आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो निर्माण केला. राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ती कथा आहे, आणि दुर्गा व विष्णू हे दोघे तिच्या प्रवासाचे निवेदक आहेत. राजस्थानी दुर्गवास्तूवरून घेतलेले सज्जे, जाळ्या व पायऱ्या, भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेले कथाभाग यांमुळे हा खेळ डोळ्यांना तृप्त करतो. भारतीय दृश्यपरंपरेचा इतका विचारपूर्वक उपयोग पूर्वी क्वचितच झाला होता.

हा खेळ मुख्यतः झुंजीचा असल्यामुळे भूमिकाधारी खेळाच्या सर्व अपेक्षा त्यावर लादणे अन्यायाचे होईल. राक्षसांच्या आक्रमणामुळे वस्ती ओस पडली आहे, असे कथेतील समर्थनही आहे. तरीही एक उणीव जाणवते. ओसाड वाडा करुण वाटण्यासाठी त्यात काल कोण राहत होते याचा माग लागला पाहिजे. ‘राजी’तील वास्तू भव्य आहेत, पण त्यांत अर्धवट निवडलेले धान्य, वाळत घातलेले लुगडे, मुलाने भिंतीवर ओढलेली रेघोटी यांसारख्या खुणांना फारसे महत्त्व नाही. वास्तू ही वस्ती नव्हे. कळंबच्या चिंतामणीचे मंदिर भूपृष्ठाखाली आहे आणि पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. ही रचना कोणत्याही अद्भुत खेळाला शोभेल अशी आहे. परंतु तिचे चित्र हुबेहूब उतरविले आणि पायऱ्यांच्या माथ्याशी बसणारी फुलवाली, तिचा नित्याचा गिऱ्हाईक आणि त्या दोघांतील शिल्लक पैशांचा वाद वगळला, तर उरते ते स्थापत्य. भारतीय खेळाची भारतीयता केवळ जाळ्या-झरोक्यांतून सिद्ध होणार नाही, हा धडा त्यातून घ्यावयास हवा.

८

यावर आक्षेप येईल की, ही अपेक्षा कलेची नसून वास्तवाच्या नकलेची आहे. सहस्रावधी नागरिकांचे संसार उभे करण्यास अमर्याद श्रम लागतील आणि खेळाडूला त्याचा कंटाळा येईल, हे आणखी वेगळे. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो येथील प्रतिपादनाला लागू पडत नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांतून कलाकृतीची जी उपपत्ती मांडली, तिचा येथे उपयोग होतो. घटकांची संख्या कलाकृती घडवीत नाही. घटकांतील संबंध घडवितात. चहाची टपरी आणि जिनिंग यांत संवाद आहे. शेताचा काळ आणि खाणीचा काळ यांत विरोध आहे. उत्सवाची तयारी आणि कोसळणारा चंद्र यांत भयावह समतोल आहे. असे चार संबंध पुरेसे होतात. घड्याळनगराने ते मोजक्या माणसांत साधले, आणि सहस्र नागरिकांच्या साम्राज्याला ते साधले नाही.

तेव्हा रचनाकाराने करावयाचे काम प्रचंड नसून निवडीचे आहे. नगर कशावर जगते ते एक ठरवावे. ते बंद पडल्यास प्रथम कोणाची चूल विझेल ते ठरवावे. ती विझलेली चूल खेळाडूच्या वाटेवर ठेवावी, परंतु तिच्याविषयी त्याला काही सांगू नये. आणि निदान एक माणूस असा असावा की, ज्याला त्या वीराशी काहीही कर्तव्य नाही.

९

या प्रश्नाला खेळांच्या बाहेरही एक बाजू आहे, आणि यवतमाळच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. गेल्या अडीच दशकांत या जिल्ह्याचे जे चित्र बाहेरच्या जगात रूढ झाले, ते खेळातील मृत नगराच्या चित्राशी विलक्षण जुळते. जिल्ह्याला एकच वाक्य देण्यात आले आहे : शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर झाली. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे पंतप्रधानपदाच्या उमेदवाराने चहाच्या निमित्ताने शेतकऱ्यांशी चर्चा केली. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वार्ताहर आले. प्रत्येक वेळी रचना तीच : बाहेरून कोणी येतो, दारात उभ्या असलेल्या दुःखी व्यक्तीला प्रश्न विचारतो, ती आपले वाक्य सांगते, आणि तो निघून गेल्यावर ती पुन्हा त्याच जागी उभी आहे असे गृहीत धरले जाते.

हे वाक्य खोटे आहे असे नाही. ते खरे आहे, आणि त्याच्यामागील मरण खरे आहे. परंतु ज्या गावाला एकच वाक्य असते त्या गावातील मरणही पुढे ऐकणाऱ्याला जाणवेनासे होते. गुडघ्यात बाण लागलेल्या पहारेकऱ्यांचे जे झाले तेच होते. विधवेच्या हातातील वेचणीचे काम, तिच्या कापसाचे माप करणारा मापारी, तिच्या मुलीची पुसदच्या महाविद्यालयातील परीक्षा, पोळ्याला तिच्या दारी थांबलेला शेजाऱ्याचा बैल, हे सर्व दाखविल्याने तिचे दुःख कमी होत नाही. त्याला जागा मिळते, एवढेच. कोणत्या संसारातून एक माणूस वजा झाला हे तेव्हा कोठे कळते.

म्हणून कल्पित नगर सजीव कसे करावे हा प्रश्न केवळ करमणुकीच्या धंद्याचा समजून बाजूस सारता येत नाही. दूरच्या माणसांची वस्ती मनात कशी उभी करावी, याचे शिक्षण आजची तरुण पिढी कादंबरीपेक्षा या खेळांतून अधिक घेत आहे. जो खेळ तिला शिकवितो की गाव म्हणजे वीराची वाट पाहणारी माणसे, तो तिला खऱ्या गावाकडेही तसेच पाहण्यास शिकवितो. जो खेळ तिला बंद टपरीसमोर थांबवून विचारात पाडतो, तो तिला दाभडीत किंवा झरी-जामणीच्या कोलाम पोडावर गेल्यावर प्रथम प्रश्न न विचारता थोडा वेळ पाहण्यास लावील. मराठी विभागांनी या कथनप्रकाराचा अभ्यास आरंभावा याचे एवढे एक कारण पुरेसे आहे. त्या अभ्यासासाठी लागणारी साधने ‘गावगाडा’पासून ‘बनगरवाडी’पर्यंतच्या परंपरेने आधीच सिद्ध करून ठेविली आहेत.